चार स्क्रू आणि सव्वा क्विंटल

खानदेशात माणूस एकट्याने काही विकत घेत नाही. म्हैस असो, कूलर असो की ठिबकच्या नळ्या, आधी पाच जणांना विचारायचं, त्यातल्या दोघांना सोबत न्यायचं आणि तिसऱ्याच्या ओळखीच्या दुकानातून आणायचं, ही रीत. सल्ला देणाऱ्याने ती वस्तू आयुष्यात कधी पाहिलेली असावी, अशी अट मात्र कुणी घातलेली नाही. घातली असती तर निम्म्या गावाला दिवसभर तोंड मिटून बसावं लागलं असतं.

त्यामुळे कोलोरॅडोत राहणाऱ्या आमच्या भाच्याने रविवारच्या व्हिडिओ कॉलवर "रायफलच्या दुर्बिणीला माउंट कोणतं घेऊ?" असं सहज विचारलं, तेव्हा जळगाव, भुसावळ, वरणगाव, रावेर आणि धुळे अशा पाच ठिकाणी पाच जण एकदम सरसावून बसले. या पाचांपैकी एकानेही दुर्बिणीची रायफल हातात धरलेली नाही. एकाकडे एअरगन आहे आणि एकाकडे बंदूक, पण त्यांच्याविषयी पुढे.

भाचा जळगावात इंजिनिअर झाला, तिकडे सॉफ्टवेअरमध्ये गेला, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून त्याचे केस पिकले. कार्ड मिळालं तेव्हा आयुष्यात वाट पाहण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तो शिकारीला लागला. शिकारीत वाट पाहण्याचंच काम जास्त असतं. शिकार एल्कची. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातला, पण नराचं वजन तीनशे किलोच्या घरात. तिथे १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा परवाना हवा असेल, तर आधी वर्ग करून परीक्षा द्यावी लागते. भाचा तिच्यात पहिला आला असं त्याची आई, म्हणजे आमची ताई, सगळ्यांना सांगते. तिथे नंबर काढत नाहीत हे तिला कुणी सांगितलेलं नाही. रायफलच्या हंगामात अंगावर किमान ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी रंग लागतो, टोपीसुद्धा तसलीच. त्या वेशातला पहिला फोटो आला तेव्हा तो कुठल्या तरी पक्षात गेला अशी ताईची समजूत झाली होती. खरं कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "शिकायला पाठवला, तर शिकारीला लागला."

अडचण अशी होती. एल्क राहतो तीन हजार मीटरच्या उंचीवर, आणि तिथे रायफल खांद्यावर घेऊन चढायचं ते पन्नाशीकडे झुकलेल्या सॉफ्टवेअरवाल्याने. म्हणून त्याने हलकी रायफल घेतली, रिकामी २.७ किलोची. काडतूस मात्र तगडं, ३०० विंचेस्टर मॅग्नम. १९६३ साली निघालेलं हे काडतूस लांबच्या आणि मोठ्या जनावरासाठी. हलकी रायफल दिवसभर सुख देते आणि त्या सुखाची सगळी वसुली घोडा ओढल्यावर एकदम करते. भाच्याच्या भाषेत ती लाथ मारते. त्या लाथेत दुर्बीण जागेवर राहिली पाहिजे, तिला रायफलशी बांधून ठेवणारी वस्तू म्हणजे माउंट, खाली रायफलीवरचा बेस आणि वर दुर्बिणीला धरणाऱ्या रिंगा, आणि दुकानात माउंटचे इतके प्रकार होते की भाचा दोनदा रिकाम्या हाताने परत आला होता.

पहिले बोलले वरणगावचे काका. ते तिथल्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले. २०२१च्या ऑक्टोबरात सरकारने सगळ्या आयुध निर्माण्यांच्या कंपन्या केल्या, काकांच्या कारखान्यावर म्युनिशन्स इंडिया लिमिटेडची पाटी आली, पण काकांच्या तोंडी ती 'फॅक्टरी'च. काकांनी आयुष्यभर काडतुसांत काम केलं आणि घरी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. काय बनवता, विचारलं की "सांगता येत नाही". किती बनवता, "सांगता येत नाही". कॅन्टीनमध्ये आज भाजी कसली होती यालाही काकूंना तेच उत्तर मिळायचं. पण हे काडतूस अमेरिकेचं, आपल्या देशाचं गुपित नव्हे, म्हणून पहिल्यांदाच त्यांनी कागद-पेन्सिल मागवली.

"गोळी ११.७ ग्रॅम. वेग सेकंदाला ९०० मीटर. मागे पावणेपाच ग्रॅम दारू, तिचा वायू होतो आणि तो गोळीपेक्षाही जोरात सुटतो. पुढे जे गेलं त्याची परतफेड रायफलीला मागे येऊन करावी लागते. दुर्बीण धरून रायफल किती? ३.३ किलो? मग ती सेकंदाला पाच मीटरच्या थोड्या वरच्या वेगाने मागे येणार. तासाला १८-१९ किलोमीटर."

"एवढ्या वेगात तर आमची पॅसेंजर पण निघत नाही," भुसावळचे अण्णा म्हणाले.

"थांबा. खरी गंमत पुढे आहे. गोळी नळीत असते सव्वा ते दीड मिलिसेकंद. त्यातला बराच वेग रायफलीला तेवढ्यातच घ्यावा लागतो. म्हणजे दुर्बिणीवर वजनाच्या सरासरी तीनशे पट जोर. दुर्बीण चारशे ग्रॅमची असली तर त्या क्षणी ती सव्वा क्विंटलची झाली. दाब ऐन टोकाला असतो तेव्हा याच्याही दुप्पट. आणि तिला धरून काय ठेवलंय? खाली चार स्क्रू. जाडी साडेतीन मिलिमीटर."

सगळे गप्प झाले. एका क्षणासाठी सव्वा क्विंटल आणि त्याला चार स्क्रू, हे ऐकून रावेरचा बापूसुद्धा गप्प झाला, आणि तो केळीच्या ट्रकवर किती माल चढवतो हे मी पाहिलेलं आहे.

"म्हणजे दुर्बीण मागे येऊन डोळ्यात जाणार," ताई म्हणाली.

"नाही," काका म्हणाले, "इथेच सगळे फसतात. मागे रायफल येते. दुर्बीण आहे तिथेच राहू बघते. म्हणून सरकली तर ती रिंगांमधून पुढे सरकते."

"मग डोळ्याला काय लागतं?"

"रायफल अख्खीच मागे येते ना, दुर्बिणीला घेऊन."

ताईला हे पटलं नाही. दुर्बीण पुढेही जाते आणि डोळ्यालाही लागते, ही पुरुषांची नेहमीची दोन्हीकडून बोलायची पद्धत आहे, असं तिचं मत पडलं. भौतिकशास्त्राविषयी तिचं मत आधीपासूनच वाईट आहे. दहावीला त्याच विषयाने तिचे गुण खाल्ले.

यानंतर माझे साडू बोलले. त्यांची जळगावच्या सराफ बाजारात पेढी आहे. वजनाची गोष्ट निघाली की ते खुर्चीत पुढे सरकून बसतात. दुर्बीण चारशे ग्रॅमची घ्यायची की आठशेची, हा त्यांच्या मते खरा प्रश्न. आठशेची घेतलीस तर स्क्रूंवर दोन क्विंटलच्या वर जाईल, मग माउंट जड घ्यावं लागेल, मग हलक्या रायफलीला पैसे मोजले कशाला? आधी दुर्बीण हलकी कर, माउंटचे निम्मे प्रश्न सुटतात. एवढं शहाणपणाचं बोलल्यावर थांबावं, पण सराफ माणूस मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत गेल्याशिवाय थांबत नाही. दोन रिंगांमधलं अंतर बारा सेंटिमीटर धरून त्यांनी त्रैराशिक मांडलं. एका टोकाला दुर्बीण आडवी फक्त ०.१ मिलिमीटर ढळली, तर दोनशे मीटरवर गोळी १६-१७ सेंटिमीटर बाजूला जाते. "एल्कच्या काळजाऐवजी पोटात," ते म्हणाले, आणि मग कॉलवर ताई आहे हे आठवून, "म्हणजे, शेजारच्या झाडात."

त्यांचा दुसरा मुद्दा स्क्रू पिळण्याचा. आपल्याकडे स्क्रू पिळण्याची एकच मोजणी आहे, ती म्हणजे पिळणाऱ्याचा चेहरा लाल होणं. रिंगांच्या स्क्रूला सुमारे दोन न्यूटन-मीटर इतकाच पीळ लागतो. दुर्बिणीची नळी ॲल्युमिनिअमची, २५.४ किंवा ३० मिलिमीटरची. जोर केला तर ती चेपते आणि आतली भिंगं अडकतात. म्हणून टॉर्क दाखवणारा पाना आण, स्क्रू बसवण्याआधी त्यावरचं तेल पुसून काढ, खालच्या बेसच्या स्क्रूंना आटे धरून ठेवणारा निळा द्राव लाव, रिंगांच्या स्क्रूंना लावू नको. हे सगळं साडूंना कुठून माहीत, असं मी नंतर विचारलं. भाच्याने जी माहितीपत्रकं पाठवली होती, ती कॉलच्या आधी फक्त त्यांनीच वाचली होती. खानदेशी सल्लागाराने हे करू नये असा संकेत आहे. त्यांनी तो मोडला.

भुसावळचे अण्णा मात्र रीतीने काहीही न वाचता आले होते. रेल्वेच्या रुळांवर त्यांची अख्खी नोकरी गेली. मागे स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचं कांस्य जिंकलं, तेव्हा तो मध्य रेल्वेचा टीसी म्हणून अण्णांनी 'आमचा स्टाफ' असं म्हणत पेढे वाटले होते. त्या स्पर्धेत दुर्बीण लावायला परवानगीच नसते, हे कळल्यावर दुर्बिणीविषयी त्यांच्या मनात जरा आकसच बसलेला. पण भाचा बोलता बोलता म्हणाला, "काही माउंटना खाली रेल असते," आणि अण्णांनी चष्मा लावला.

रेल खरीच असते. न्यू जर्सीत पिकाटिनी नावाचं शस्त्रागार आहे, त्याच्या नावाने १९९५ साली अमेरिकी लष्कराने या रेलचं माप पक्कं केलं. आडव्या खाचा, प्रत्येक सव्वापाच मिलिमीटरची, दर दहा मिलिमीटरवर एक. त्याआधीची वीव्हरची रेल दिसायला तशीच, पण खाचा अरुंद आणि अंतर ठरलेलं नाही. रिंगेच्या पोटाखाली एक आडवी पट्टी असते, ती या खाचेत बसते आणि धक्क्याचा जोर स्क्रूंऐवजी ती पट्टी अंगावर घेते.

अण्णांनी एकच प्रश्न केला. "खाच सव्वापाचची, पट्टी पाचची असणार. मग मधे जागा राहते. पट्टी कुठे टेकवून आवळतोस?"

भाच्याने हे पाहिलंच नव्हतं.

"पुढे टेकव. गाडी जिकडे जोर लावते तिकडे रूळ सरकतो. आम्ही त्याला क्रीप म्हणतो, अँकर मारून अडवतो. दुर्बीण पुढे सरकणार असं काका म्हणाले ना? मग पट्टी आधीच पुढे ढकलून खाचेच्या पुढच्या कडेला भिडव आणि मग आवळ. नाहीतर पहिल्याच गोळीला ती तेवढी जागा स्वतःच खाऊन टाकेल."

भाचा थोडा वेळ बघतच राहिला. हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. जाणकार माउंट असंच बसवतात. अण्णांनी स्वतःच्या अकलेवर, दुर्बीण न बघता, तो दिला होता. आमच्याकडच्या सल्ल्यांमध्ये असा एखादा निघतो आणि म्हणूनच बाकीचे चाळीस ऐकावे लागतात.

रावेरच्या बापूने मग त्याची एअरगन काढली. .१७७ इंच व्यासाची आणि वीस ज्यूलच्या आतली एअरगन आपल्याकडे परवान्याशिवाय मिळते. बापूच्या केळीत माकडं उतरतात. माकडाला मारणं गुन्हा आहे, त्यामुळे बापू शेताच्या कडेला टांगलेल्या पत्र्यावर नेम धरतो. आवाजाने माकडं पळतात असं तो सांगतो. माकडांचं याबाबत वेगळं म्हणणं असावं, कारण ती पत्र्याजवळच बसलेली असतात. तर या एअरगनवर त्याने हौसेने दुर्बीण चढवली आणि महिन्याभरात तिच्यातली फुली वाकडी होऊन लोंबायला लागली. दुकानदार म्हणाला होता, ही मोठ्या रायफलीवरसुद्धा टिकते.

दुकानदार खोटं बोलला नव्हता, एवढं काकांनी समजावून दिलं. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि दट्ट्या पुढे जाऊन थडकला की बंदूक पुढे उसळते. दोन्हीकडून झटका. दारूच्या रायफलीसाठी बांधलेल्या दुर्बिणीतली भिंगं एका दिशेचा मार सोसायला तयार असतात, उलट्या दिशेचा नाही. म्हणून एअरगनच्या माउंटला खाली एक पिन असते, ती बंदुकीवरच्या भोकात अडकवायची असते. बापूने ती पिन पहिल्याच दिवशी 'मधे येते' म्हणून कानशीने घासून काढली होती.

आता उरले धुळ्याचे जिभाऊ. बंदूक आहे ती यांच्याकडे. वडिलार्जित बारा बोअरची, परवान्यासकट. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार बंद. रानडुक्कर किंवा रोही पिकात शिरला तर मारण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते, आणि तो कागद हाती येईपर्यंत डुक्कर जेवून घरी गेलेलं असतं. त्यामुळे या बंदुकीला वर्षात दोनच कामं. दसऱ्याला पूजेत बसायचं आणि आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायचं. २०२४ साली तर तिचे फार हाल झाले. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, बंदूक ठाण्यात. निकालानंतर घरी आली. १२ ऑक्टोबरला दसऱ्याचं गंध-फूल लागलं आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. जिभाऊंच्या मते बंदुकीला आता ठाण्याची वाट पाठ झाली आहे.

जिभाऊ म्हणाले, "दुर्बीण लायीसन काय व्हस? नेम डोयामा रहास, पाइपमा नही."

मग त्यांनी आउट्रम काढला. धुळ्या-जळगावात शिकारीची गोष्ट निघाली आणि आउट्रम निघाला नाही असं होत नाही. जेम्स आउट्रम, १८२५ साली धरणगावला भिल्ल पलटण उभी करणारा कंपनी सरकारचा तरुण अंमलदार. पुढच्या दहा वर्षांत खानदेशात त्याच्या समक्ष १९१ वाघ मारले गेले, असा हिशेब त्याच्या चरित्रात दिलेला आहे. "त्यानाकडे कोनती दुर्बीण व्हती? कोनतं माउंट?" जिभाऊंनी विचारलं. बरोबर आहे. दुर्बीण नव्हती, माउंट नव्हतं, आणि त्याच्यासारख्यांचं काम आटोपेपर्यंत खानदेशात वाघही फारसे राहिले नाहीत. जिभाऊंचा मुद्दा यातला पहिला अर्धा होता.

मतभेद झाला तो शेवटी. बेस एकसंध घ्यायचा की दोन तुकड्यांचा? एकसंध पट्टी ताठ असते, दुर्बीण मागेपुढे कुठेही बसवता येते, पण वजन वाढतं आणि वरून काडतूस भरताना बोटांना अडचण होते. दोन तुकड्यांचा हलका, मधली जागा मोकळी, पण दोन्ही तुकडे एका रेषेत बसवणं हे कौशल्याचं काम. जळगाव, भुसावळ आणि वरणगाव एकसंधाच्या बाजूने गेलं. जिभाऊ म्हणाले, दोन तुकडे. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे, तेव्हापासून एकीकडून एक मत आलं की दुसरीकडून दुसरं यायलाच हवं. तीन तुकड्यांचं माउंट कुणी सुचवलं नाही, कारण नंदुरबारचे पाहुणे, ज्यांचा जिल्हा १९९८मध्ये धुळ्यातून वेगळा झाला, त्या दिवशी कॉलवर नव्हते.

तोड भाच्याने काढली. बेस दोन, पण प्रत्येकाला रिंगेचा खालचा अर्धा भाग अखंडच जोडलेला, एकाच ॲल्युमिनिअमच्या ठोकळ्यातून कातलेला. वेगळी रिंग नाही, म्हणजे ढिला होणारा एक सांधाच कमी. रेलपेक्षा हलकं. टॅली नावाची अमेरिकन कंपनी असं बनवते, आणि डोंगरात हिंडणारे बरेच जण तेच वापरतात. जळगावला अखंडपणा मिळाला, धुळ्याला दोन तुकडे मिळाले. अण्णांच्या रेलचा आणि त्यांच्या एकमेव बरोबर सल्ल्याचा मात्र यात काही उपयोग उरला नाही. ते पुढे तीन रविवार कॉलवर आले नाहीत.

माउंट बसलं. प्रत्येक स्क्रूवरून खालच्या धातूवर उतरेल अशी ताईच्या सुनेच्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते. मग भाचा रेंजवर गेला, आणि त्या रात्रीच्या कॉलवर उजव्या भुवईवर पट्टी लावून बसला.

"मी म्हटलं होतं," ताई म्हणाली. तिने खरोखरच म्हटलं होतं.

माउंट तसूभर हललं नव्हतं. डोळा आणि दुर्बीण यांच्यात नऊ-दहा सेंटिमीटर ठेवायचे असतात. भाच्याने ते घरी, उभं राहून, आरशासमोर मोजले. रेंजवर तो पालथा झोपला. पालथं झोपल्यावर मान पुढे येते, दोन-तीन सेंटिमीटर सहज जातात, आणि बाकीचं काम ताशी १८-१९ किलोमीटरच्या वेगाने झालं. भुवईवर चंद्रकोर उमटली. तिकडे अशी खूण असलेले पुष्कळ लोक आहेत आणि सगळे जण ती दुसऱ्याच कशाने तरी झाली असं सांगतात. भाच्याने दुर्बीण रिंगांमध्ये पुढे सरकवली, पुन्हा दोन न्यूटन-मीटर, पुन्हा नेलपॉलिश.

ऑक्टोबरच्या मध्यावर त्याचा पाच दिवसांचा हंगाम झाला. बर्फ पडलं, केशरी टोपीवर साचलं. एल्क दोनदा दिसला, दोन्ही वेळा त्याच्या आणि भाच्याच्या मधे एक अख्खी दरी होती. गोळी एकही सुटली नाही. आमच्या कॉलवर मात्र ही मोहीम यशस्वी ठरली, कारण नेलपॉलिशच्या रेघा शाबूत होत्या. काका म्हणाले, आकडेमोड अचूक होती. साडू म्हणाले, पाना आणायला लावला म्हणून. बापू म्हणाला, पिन नव्हती तेच बरं झालं.

जिभाऊंनी वेगळंच विचारलं. दुकानाच्या पुढच्या एका फेरीत भाच्याने एक चुकीच्या मापाचं माउंट घेऊन ठेवलं होतं, ते पडून आहे असं त्यांनी ऐकलं होतं.

"ते धाडी दे मना कडे."

"जिभाऊ, बारा बोअरला दुर्बीण नसते लागत. छर्रे उडवायचे, त्याला माउंट कशाला?"

"दुर्बीण कोन लाई ऱ्हायनं?" जिभाऊ म्हणाले. "दसराले पूजामा चांगलं दिसी."